सॉफ्टबॉक्स काढला आणि कोकम सरबत उजळलं

मेनूकार्डासाठी कोकम सरबताचा फोटो काढत होतो. सॉफ्टबॉक्सच्या (फ्लॅशपुढे पांढरं कापड लावून उजेड मऊ करणाऱ्या पेटीच्या) उजेडात सरबत काळपट, मलूल दिसत होतं. शिवाय काचेवर त्याच पेटीचं पांढरं चौकोनी प्रतिबिंब. वैतागून सॉफ्टबॉक्स काढला आणि उघडा फ्लॅश ग्लासच्या मागे डावीकडे, दोनेक मीटरवर ठेवला. उजेडाचा उगम लहान, त्यामुळे सावलीची कड धारदार. उजेड सरबतातून आरपार आला आणि टेबलावर लाल झळाळी सांडली! पेला तरी मधोमध काळाच राहत होता. मग त्याच्याच आकाराचा, थोडा लहान चंदेरी पुठ्ठा कापून मागे तिरका लपवला, म्हणजे उजेड त्यावरून उसळून सरबतातून पुढे येतो. कॅमेऱ्यावर छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११, प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ १००. या उजेडात बोटांचे ठसे निर्दयपणे दिसतात, म्हणून काच आधी पुसायची. ग्लासबाहेरचे गारव्याचे थेंब? ग्लिसरीन-पाणी निम्मं-निम्मं, फवाऱ्याने.