डबे, मंडई आणि न काढलेले चेहरे

कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या (पहिल्या, पायाभूत वर्षाच्या) पहिल्याच आठवड्यात सरांनी समोर ॲल्युमिनियमची किटली ठेवली. अर्ध्या तासात माझी काढून झाली, शेडिंगसकट. सर आले, चित्र पाहिलं, किटलीवर फडकं टाकलं आणि म्हणाले, "हिला पोचे किती?" मला एकही आठवेना. फडकं उचललं तर तीन होते. त्यातला एक तोटीच्या बुडाशी, इतका मोठा की तोटीच तिरकी झालेली. माझी किटली मात्र आत्ताच दुकानातून आणल्यासारखी.

एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी मी ज्या क्लासला जायचे, तिथे वस्तू समोर ठेवूनही पाठ करून घेत. केळं असं, तांब्या असा, उजेड डावीकडून. ग्रेड मिळाली, पण ती सवय मोडायला वर्ष गेलं. आता मी शिकवते आणि दर वर्षी जूनमध्ये दुकानातल्या किटल्या माझ्यासमोर येतात. म्हणून समोरचं बघून कसं काढायचं आणि त्यातून आपली शैली कशी शोधायची, हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. भिंतीवरच्या मांडणीसमोर पाटावर बसा. वरच्या फळीवरच्या डब्यांची झाकणं दिसणार नाहीत, तळाची कड कमानीसारखी वर वाकलेली दिसेल. डोळ्यांच्या बरोबर समोरची कड सरळ रेघ. त्याखालचे डबे हळूहळू झाकण उघडं करत जातात, आणि जमिनीवरच्या पिठाच्या डब्याचं झाकण सगळ्यात जास्त उघडं. आता उभे राहा. सगळं बदललं. लंबवर्तुळ कुठे किती फुगतं हे पुस्तकात वाचून मला कधी कळलं नव्हतं, मांडणीनं एका संध्याकाळी शिकवलं. एकच मांडणी बसून, उभं राहून आणि स्टुलावर चढून काढा. आई ओरडेल, तिलाही कागदावर घ्या.

मोजायचं पेन्सिलीनं. हात कोपरात अजिबात न वाकवता, एक डोळा मिटून. कोपर जरा वाकलं की माप खोटं, आणि शंभरातले नव्वद जण ते वाकवतात. डब्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते, एवढंच बघायचं. उभा माणूस साधारण साडेसात डोकी भरतो हे खरं, पण मंडईत उकिडव्या बसलेल्या बाईला ते कोष्टक लावायला जाल तर फसाल. तिथे ओळंबा कामाला येतो: दोऱ्याला एक नट बांधा आणि समोर धरा. कानाच्या खाली काय येतं? गुडघा की टाच? झालं, तोल सापडला. कंबर आणि कोपर यांच्यामधली रिकामी जागाही काढा. हात कसा असतो हे आपल्याला "माहीत" असतं, त्या तिकोनी पोकळीबद्दल काहीच माहीत नसतं, म्हणून ती आपण नीट बघतो.

छटेसाठी डोळे किलकिले करा आणि तीनच भाग पाडा: उजळ, मधला, गडद. बोटानं घासू नका. घासलेलं शेडिंग गुळगुळीत दिसतं आणि त्याखाली आकार चुकलेला लपतो.

सामान फारसं लागत नाही. २बी, ६बी पेन्सिली आणि एक बॉलपेन. खोडरबर घरी. कागद म्हणजे पाठकोरे, छापखान्यातून किंवा झेरॉक्सवाल्याकडून आणलेले, बाइंडरकडून शिवून घेतलेले. महागड्या स्केचबुकात हात आखडतो, असा माझा अनुभव. प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ टाका, त्याचा उपयोग पुढे येतोय.

मग बाहेर पडा. मी कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटला जायचे, सकाळी साडेसातला. "माणसं हलतात, कसं काढू?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माणसं हलतात, पण परत तिथेच येतात. मेथी निवडणारी बाई बघा: जुडी उचलते, देठ मोडते, पानं पाटीत टाकते, पदर सावरते, पुन्हा जुडी. एकाच पानावर चार चित्रं सुरू करा, एकेका अवस्थेचं एक. ती जुडीवर आली की पहिलं पुढे न्यायचं, पदरावर आली की चौथं. दहा मिनिटांत चारही उभी राहतात. इस्त्रीवाला, न्हावी, उसाच्या गुऱ्हाळावरचा पोरगा, सगळ्यांना हे लागू.

आधी विचारा मात्र. मी एकदा न विचारता कोपऱ्यात उभी राहून काढत होते. भाजीवाल्या मावशींना मी अतिक्रमणवाल्यांची माणूस वाटले, त्यांनी भराभर पाटीवर गोणपाट ओढलं. घाबरून मी वही पुढे केली. त्यांनी निरखून पाहिलं. "व्हय गं, ह्यात माझं नाक कुटं हाय?"

नाक नव्हतंच. चेहराच नव्हता. त्या एका वाक्यावर मी पुढे सहा महिने काम केलं.

स्टाइल कधी येणार, हे दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला खायला लागतं. बरेच जण मग कुणाची तरी रेघ उचलतात. नक्कल करण्यात कमीपणा नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर तिथले विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्यात कित्येक हंगाम नकलाच करत होते. पण नक्कल झाली की त्याच पद्धतीनं समोरची खरी वस्तू काढून बघा. जिथे ती रेघ अडते, तिथे तुमचं काम सुरू होतं. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या गर्दीच्या चित्रांवर सगळे फिदा असतात, पण ते नाव होण्याच्या कितीतरी आधी रोजनिशीत रोजचा गाव, रोजची माणसं काढत होते, ते कुणी करत नाही.

आपली शैली शोधायची माझी पद्धत अशी. दर तीन महिन्यांनी साठेक पानं तारखेप्रमाणे जमिनीवर पसरायची. दार लावून, पंखा बंद करून. मग खडूनं फरशीवर लिहायचं: काय पुन्हापुन्हा आलंय, काय सतत वगळलंय, पेन्सिल कुठे दाबली गेलीय. माझ्या साठात चाळीसच्या वर माणसं पाठमोरी निघाली. जिथे वजन पडतं, टाच, मांडी, पाटीचं बूड, तिथे रेघ काळी. चेहरे कोरे.

मला वाटलं, हीच माझी शैली. मैत्रिणी म्हणाल्यासुद्धा, किती छान, चेहरे नाहीत! पण मावशींचा प्रश्न डोक्यात होता. मी चेहरे वगळत होते की टाळत होते? याची परीक्षा सोपी आणि त्रासदायक आहे. जे वगळता, ते सलग वीस वेळा काढा. मी वीस चेहरे काढले, घरचे, वर्गातले, एसटी स्टँडवरचे. पहिले बारा भयंकर. विसाव्यानंतर चेहरा काढता यायला लागला, आणि गंमत म्हणजे पाठमोरी माणसं निम्म्यावर आली. म्हणजे तो निम्मा भाग निव्वळ पळवाट होती. वजनाच्या जागची काळी रेघ मात्र चेहऱ्यांतही उतरली, हनुवटीखाली, मानेच्या खाचेत. ती मी आणली नव्हती. ती ठेवली.

तुमच्याकडे हात खिशात जात असतील, पाय गवतात बुडत असतील, मागची भिंत कायम कोरी राहत असेल. वीस हात काढा. वीस भिंती काढा. मग ठरवा.

विसाव्या चेहऱ्यानंतर मी मावशींकडे परत गेले, या वेळी विचारून. पाऊण तास बसले. त्यांनी चित्र हातात घेतलं, "आता हाय बघ नाक," म्हणाल्या, घडी घालून पैशाच्या पिशवीत टाकलं आणि वर कोथिंबिरीची जुडी दिली. माझ्याकडे त्या पानाचा फोटोसुद्धा नाही. तुम्ही आधी काढून ठेवा.