कारखाना, गाव आणि नदी: प्रदूषणाच्या तक्रारी हाताळताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्यात कारखाना आणि गाव यांचं नातं जरा वेगळं आहे. ज्याच्या विहिरीचं पाणी तांबडं झालं, तोच बऱ्याचदा कारखान्याचा सभासद असतो. त्याचा ऊस तिथंच जातो, घरातलं एखादं पोरगं तिथंच कामाला असतं. त्यामुळं बाहेरच्या सल्लागारानं करून दिलेला ‘जनसंपर्क आराखडा’ इथं पहिल्याच हंगामात उघडा पडतो. साखर कारखाना, डिस्टिलरी किंवा फाउंड्रीत पर्यावरणाची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. “वर्षभरात वहीत एकही तक्रार नाही,” असं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. आधी ती वही कुठं ठेवलीय ते बघा. ती कारखान्याच्या शेती विभागाच्या गट ऑफिसात असेल, तर कोरीच राहणार. खोडव्याला (आधीच्या तोडीनंतर फुटलेल्या उसाला) तुरे आलेत, वजन घटतंय, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरून तोड मिळवायचीय. अशा वेळी तोडीचा प्रोग्रॅम जिथं ठरतो त्याच टेबलावर बसून वासाची तक्रार कोण लिहील? तोड लांबली तर त्याचं नुकसान टनात होतं. तो वहीत लिहीत नाही, पारावर बोलतो. मग तेच बोलणं वार्षिक सभेत किंवा संचालक मंडळाच्या निवडणुकीत बाहेर येतं, आणि आपण म्हणतो, विरोधकांनी पेटवलं. विरोधक पेटवतातही, पण सरपण कुणाचं होतं हे कुणी विचारत नाही.

तक्रारीची वाट शेती विभागापासून पूर्ण तोडा. वही ग्रामपंचायतीत ठेवा. नोंदीत नावाची सक्ती नको. वस्ती, तारीख, वेळ आणि काय झालं एवढं पुरे. ऊस नोंदणीचा नंबर तर चुकूनही विचारू नका. आणि उत्तर तोंडी देऊ नका, त्याच वहीत समोर लिहा.

वासाची तक्रार सकाळी ११ वाजता तपासणं

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीत मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्याच्या) लगूनवरचा म्हणजे साठवण तळ्यावरचा, आणि ते कुजवून गॅस काढणाऱ्या, पण बिघडलेल्या डायजेस्टरचा कुजक्या अंड्याचा वास त्यात अडकतो आणि वस्तीवर पसरतो. ऊन चढलं की हवा हलते, वास जातो. नेमके तेव्हाच साहेब जीपमधून उतरतात.

“कुठाय वास?”

“आवं सायेब, पहाटं चारला या की एकदा!”

साहेब ‘वास आढळला नाही’ असा शेरा मारून परततात. त्या एका शेऱ्यानं पुढची दोन वर्षं विश्वास जातो. रात्रपाळीच्या इन्चार्जचा फोन नंबर गावाला द्या. फोन आला की केमिस्टनं त्याच रात्री वस्तीवर जावं, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावी, आणि त्या तासाला प्लँटमध्ये काय चालू होतं ते लॉगबुकात ताडून बघावं. दहा-बारा नोंदी झाल्या की वास कुठून येतो ते आपोआप कळतं. काजळीचंही तसंच. होळीच्या सुमाराला वाळवणं पडतात, कुरडयांवर बॉयलरमध्ये जाळलेल्या बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी कणी बसते, आणि घरची बाई ती बोटानं पुसून दाखवते. तिला चिमणीच्या रिडिंगचा कागद दाखवू नका. बॉयलरची राख कधी काढली, धुरातली काजळी पकडणारा स्क्रबर कधी बंद होता, ते तपासून सांगा.

प्रकल्पाआधी विहिरी न तपासणं

वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात वर्षानुवर्षांच्या पाटपाण्यानं जमिनी क्षारपड झाल्यात. अनेक विहिरींचं पाणी कारखाना नसतानाही मचूळ असतं. आता शेजारी स्पेंटवॉश मुरवून खत करायचं कंपोस्ट यार्ड आलं आणि विहीर बिघडली, तर दोष कुणाचा? आधीची नोंद नसेल तर दोघांपैकी कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. गाव कारखान्याला धरतं, कारखाना क्षारपडीमागं लपतो. यार्डाच्या आसपासच्या विहिरींचे नमुने काम सुरू होण्याआधी घ्या, नंतर दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर घ्या. रंग, क्लोराइड, विरघळलेले क्षार हे तरी हवेतच. अहवाल फाइलला लावून थांबू नका, विहिरीच्या मालकाच्या हातात द्या.

“आमचा बीओडी ३० च्या आत आहे”

हे वाक्य खरं असतं, आणि तरीही गावाला पटत नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. साखर कारखान्याचं प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडायचं तर बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, जमिनीवर सोडायचं तर १००. आंघोळीच्या पाण्याचा निकष मात्र बीओडी ३ किंवा कमी आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ किंवा जास्त असा आहे. मधला फरक नदी भरून काढेल, असं त्यात गृहीत धरलंय. उन्हाळ्यात कोयनेचा विसर्ग कमी झाला आणि बंधाऱ्यांमागं पाणी तुंबलं की नदीकडं तेवढी ताकद उरत नाही. तेव्हा ३० चा आकडा दाखवून वाद मिटत नाही.

डिस्टिलरीचं गणित त्याहून भयंकर. कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. १० हजार लिटरचा एक टँकर ओढ्यात रिकामा झाला तर ४०० किलो बीओडी होतो. लिटरला ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असलेल्या जवळपास ८ कोटी लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खायला तेवढा पुरतो. म्हणून ‘एखादा टँकर गळाला असेल’ हे गावकऱ्यांसमोर हसून बोलण्यासारखं वाक्य नाही.

मासे मेल्यावर आधी खुलासा, मग तपास

सांगलीत कृष्णेत मासे तरंगले की कारखाने शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याकडं बोट दाखवतात, शहर वरच्या कारखान्यांकडं. दोन्हीकडची घाण खरी असू शकते. “आमचा संबंध नाही” हे पत्रक दुपारच्या आत निघालं, तर गाव त्याला कबुलीच समजतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला स्वतः फोन करा. ऑक्सिजन पहाटेच्या सुमाराला सर्वांत कमी असतो आणि तो काठावरच मोजावा लागतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. गावकऱ्यानं कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेलं पाणी कोर्टात टिकत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना घेण्याची पद्धत ठरलेली आहे. पण म्हणून त्याला “पुरावा काय?” विचारून परत पाठवू नका. त्याच्यासोबत त्या जागी जा. कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचं पाणी हंगामात रोज मोजत असाल तर अशा दिवशी बोलायला काहीतरी हातात असतं. उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या साफसफाईचे दिवसही गावाला आधी सांगून ठेवा, कारण तेव्हा कॉस्टिक सोड्याचं पाणी निघतं आणि ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर) ताण येतो.

आरओ मशिन, शाळेला दप्तरं, यात्रेचा मांडव हे सगळं जरूर करा. फक्त तक्रारीच्या आठवड्यात करू नका. गाव फोटोतला हार बघतं आणि नेमकं काय झाकायचंय ते ओळखतं.

जनसुनावणी उरकणं

पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस हवी, प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही हवा. वर्तमानपत्र पोचत नाही तिथं दवंडीचीही तरतूद आहे. गणपूर्तीची अट नाही, म्हणून काही जण भर तोडीच्या दिवसांत, सकाळी, कामगारांनी खुर्च्या भरून सुनावणी आटोपतात. कागद पूर्ण होतो, वाद मात्र पुढं हरित न्यायाधिकरणात जातो. आधी वस्त्यांवर छोट्या बैठका घ्या. बायकांची वेगळी घ्या, पाणी त्याच भरतात. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून समजावणं बंधनकारक आहे. तिथं घाई करू नका.

मंजुरी मिळाली की संवाद संपला असं समजू नका. अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. त्याची दोन पानी मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. खाली रात्रपाळीचा नंबर लिहा, आणि इन्चार्ज बदलला की तोही बदला.