आभाळ मोजायला निघण्याआधी : द्राक्षबागेतल्या प्रकाशनोंदीची तयारी

जून-जुलैत सोलापूरकडे आभाळ दिवसदिवस भरून राहतं, वारं सुटतं आणि पाऊस शिंतोड्यांवर भागवतो. ढग येतात पण बरसत नाहीत, म्हणूनच 2018 आणि 2019 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांवर रसायनाची फवारणी करून पाहण्यासाठी हाच भाग निवडला. पाऊस पडो न पडो, या ढगांचा हिशेब बागेत होतोच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दोनेक महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत (कोंबांच्या कळ्यांत) पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात, आणि तेव्हाच आभाळ येतं. ‘ऊन कमी आहे’ एवढ्यावर न थांबता दोन आकडे हाती हवेत: एकूण प्रकाश किती, आणि त्यातला विखुरलेला, म्हणजे थेट सूर्याकडून न येता आभाळभरातून येणारा, किती.

आधी लक्समीटर, म्हणजे प्रकाश लक्स या एककात मोजणारं यंत्र. 2,00,000 लक्सपर्यंतची पट्टी असलेलाच घ्या. 20,000 वर संपणारा मीटर उन्हात नुसता ‘1’ दाखवून गप्प बसतो. संवेदक (प्रकाश टिपणारा भाग) वायरीने वेगळा असेल तर उत्तम, कारण आकडा वाचताना तुमची सावली त्यावर पडत नाही. मोबाइलचं ॲप या कामाला नको. त्याचा संवेदक तिरक्या प्रकाशाला नीट दाद देत नाही, आणि ढगाळ दिवशी प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो. सोबत सुकं सुती फडकं, जादा बॅटरी, वही, घड्याळ आणि गवंड्याची छोटी लेव्हल ठेवा. संवेदक वेलींच्या वर, उघड्यावर, आडवा समपातळीत बसवायचा. तो कलला तर सकाळचे आकडे फुगतात आणि दुपारनंतरचे पडतात, किंवा उलट. ढगांचा यात काही दोष नसतो. पांढरा सदरा घालून संवेदकाजवळ उभं राहू नका.

मग झाकणी. 6 सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती काळी रंगवून बारीक तारेच्या टोकाला लावा. संवेदकापासून 60 सेंटिमीटरवर, सूर्याच्या रेषेत अशी धरा की तिची सावली संवेदकाच्या पांढऱ्या घुमटावर पूर्ण पडेल. चकती न धरता येतो तो एकूण प्रकाश, धरल्यावर उरतो तो विखुरलेला. निरभ्र दुपारी हा वाटा साधारण 10 ते 20 टक्के असतो. पातळ पांढऱ्या पडद्याआडून ऊन येतं तेव्हा तो झपाट्याने वाढतो. काळंभोर आभाळ असेल तर चकतीची सावलीच पडत नाही. सगळा प्रकाश विखुरलेला, चकती खिशात टाका.

वेलीला लक्स कळत नाही. तिला 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण हवेत, आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. सूर्यप्रकाशासाठी लक्सला 54 ने भागलं की दर चौरस मीटरला, दर सेकंदाला मिळणारे मायक्रोमोल येतात. 1,00,000 लक्स म्हणजे साधारण 1850. एलईडीखाली हा भागाकार चुकतो. वेलींच्या मांडवाखालीही चुकतो, कारण पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवट असतो आणि लक्समीटर हिरव्याला जास्त वजन देतो. खालचे आकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहण्यापुरते.

आता 1850 मधले द्राक्षाच्या पानाच्या कामी किती येतात? साधारण 700 ते 1000 वर पानाचं पोट भरतं. उरलेल्याचा तापच होतो, आणि कडक दुपारी पर्णरंध्रं आवळली गेली की तेवढंही पचत नाही. वरचं पान प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा खाली सोडतं, त्यामुळे आतली पानं कवडशांवर जगतात. विखुरलेला प्रकाश मात्र बाजूंनी आत शिरतो. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याच्या कणांनी आकाश धुरकट झालं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये निरभ्र दुपारचं प्रकाशसंश्लेषण सुमारे 23 टक्के वाढलेलं आढळलं. एकूण प्रकाश फारसा न घटता विखुरला, तर दाट मांडवाला तो मानवतो. पण ढग दाटून प्रकाश 15,000 लक्सवर आला, म्हणजे 280 मायक्रोमोलच्या आसपास, तर वरचं पानच अर्धपोटी राहतं. उसाचं गणित वेगळं: त्याचं पान भर उन्हातही सहसा तृप्त होत नाही, म्हणून आभाळाचा चटका त्याला लवकर बसतो.

नोंदीच्या वेळा सोलापूरच्या सूर्यावर ठरवा, घड्याळातल्या बारावर नाही. जून-जुलैत इथला सूर्य साडेबाराच्या सुमारास मध्यावर येतो. म्हणून साडेआठ, साडेदहा, साडेबारा, अडीच आणि साडेचार. कापसाच्या गोळ्यांसारखे ढग पळत असतील तर एकच आकडा लिहिणं म्हणजे जुगार: पाच मिनिटं दर दहा सेकंदांनी आकडा घ्या आणि तिसांची सरासरी काढा. ढगाच्या कडेशी सूर्य उघडा पडला की आकडा कधीकधी निरभ्र दुपारच्याही वर जातो, कारण थेट उन्हात ढगाच्या कडेवरून विखुरलेलं ऊन मिसळतं. तो चूक समजून खोडू नका. शेजारी ढगांनी आकाशाचे आठांपैकी किती भाग व्यापले तेही लिहा.

दिवसाचा जमाखर्च सोपा आहे. प्रत्येक सरासरी 54 ने भागून 7200 ने गुणा (दोन तासांचे सेकंद), पाचांची बेरीज करा, 10 लाखांनी भागा. पाचांची सरासरी 400 मायक्रोमोल असेल तर उत्तर दर चौरस मीटरला दिवसाचे 14.4 मोल येतं. जूनच्या निरभ्र दिवशी ते 50 च्या आसपास जातं.

बागेची तयारी आभाळ येण्याआधीच हवी. निरभ्र दुपारी मांडवाखाली बसून जमिनीवरचे कवडसे बघा. जमीन सलग काळी दिसत असेल तर फुटींची विरळणी राहिली आहे. आभाळ आल्यावर डोळ्यांपर्यंत काहीच पोचणार नाही. ओळीने चार दिवस आभाळ राहिलं तर नत्राचा हात आखडता घ्या, नाहीतर शेंडे पळतात आणि सावली आणखी दाटते. ठिबकची वेळही कमी करा, पाणी तेवढं उडत नाही. रोपवाटिकेत 50 टक्के सावलीची जाळी असेल तर 10,000 लक्सच्या दिवशी खाली 5,000 उरतात, म्हणजे शंभरहून कमी मायक्रोमोल. रोपं काटकुळी होऊन लोंबायला लागण्याआधी जाळी गुंडाळा. ऊन उघडलं की त्याच दिवशी परत ओढा, सावलीला सरावलेली पानं करपतात.

शिंतोडे आले की आधी घुमट पुसा, मग आकडा घ्या; त्यावरचा थेंब आणि सोलापूरची धूळ मिळून चिखलाचा पापुद्रा बसतो.