कलर कॉपियरमधला हाय व्होल्टेजचा दोष: बोर्ड बदलण्याआधी काय तपासावे

मशीनच्या पडद्यावर चार्ज (ज्यावर चित्र तयार होतं त्या नळ्याला, म्हणजे ड्रमला, वीजभार देणं), बायस (टोनर, म्हणजे रंगाची पूड, ड्रमकडे ढकलणारं व्होल्टेज) किंवा ट्रान्सफर (ते चित्र पुढे उतरवणं) यांचा एरर कोड आला की "एचव्ही बोर्ड, म्हणजे हाय व्होल्टेज देणारा बोर्ड, गेला" असं लगेच सांगितलं जातं. हा बोर्ड महागडा असतो आणि बहुतेक वेळा त्यात काहीच बिघडलेलं नसतं. बोर्डातून निघालेलं व्होल्टेज ड्रमपर्यंत पोचण्याआधी वाटेत कुठेतरी लोखंडी बॉडीत गळतं. बोर्डाला ही गळती कळते, तो आउटपुट बंद करतो आणि कोड येतो. म्हणून आधी वाट तपासायची, बोर्डाकडे सगळ्यात शेवटी वळायचं.

सुरुवात प्लग काढून करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा मिनिटं थांबा, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरते. फ्यूजर (टोनर वितळवून कागदावर पक्का करणारा गरम भाग) त्याहून बराच उशिरा थंड होतो, त्याला हात लावू नका. दाराचा इंटरलॉक स्विच (दार उघडलं की वीज तोडणारा) दाबून ठेवून उघड्या मशीनमध्ये काहीही मोजायला जाऊ नका. साधा मल्टिमीटर 600 किंवा 1000 व्होल्टपर्यंतचाच असतो. चार्ज आणि ट्रान्सफरच्या लाइनवर ते आकडे सहज ओलांडले जातात, आणि कोरोना तारेवर (काही मशीनमध्ये चार्ज देणारी बारीक तार) तर काही हजार व्होल्ट असतात. तिथे एचव्ही प्रोब (हाय व्होल्टेज मोजायचं खास साधन) लागतो आणि ते काम प्रशिक्षित टेक्निशियनचंच.

कोड जसाच्या तसा लिहून घ्या. मग पानाकडे बघा, कारण अर्धा तपास पानावरच होतो. एकाच रंगाने पान गच्च भरून आलं तर त्या रंगाच्या ड्रमला चार्ज मिळत नाही. या मशीनमध्ये लेझरने ड्रमवरचा चार्ज जिथे उतरतो तिथेच टोनर चिकटतो. चार्ज बसलाच नाही तर अख्खा ड्रम टोनर ओढतो. एखादा रंग पूर्ण गायब असेल तर डेव्हलपरचा (ड्रमला टोनर पुरवणारा भाग) बायस किंवा लेझरचा मार्ग बघावा. चारही रंग सारखेच फिके किंवा डागाळलेले येत असतील तर संशय सेकंडरी ट्रान्सफर रोलरवर (चारही रंग गोळा करणाऱ्या बेल्टवरून चित्र कागदावर उतरवणारा रोलर) आणि कागदाच्या ओलाव्यावर. चारही रंगांचं व्होल्टेज एकदम गेलं असेल तर बोर्डाला येणारा 24 व्होल्टचा सप्लाय आणि दाराचे इंटरलॉक स्विच आधी तपासून घ्या.

कोड न येता रंग फिका पडत असेल तर प्रिंट चालू असताना मध्येच पुढचं दार उघडून मशीन थांबवा. ड्रमवर चित्र नीट आहे पण बेल्टवर नाही, म्हणजे प्रायमरी ट्रान्सफरचा दोष. बेल्टवर आहे पण कागदावर उतरलं नाही, म्हणजे सेकंडरीचा.

युनिट अदलाबदल

दोष सायनमध्ये (निळा) असेल तर सायन आणि मॅजेंटाची (गुलाबी) ड्रम युनिट एकमेकांच्या जागी बसवा. बऱ्याच मॉडेलांत रंगीत ड्रम सारखेच असतात, काळ्याचा मात्र बहुधा वेगळा. दोष मॅजेंटाच्या जागी गेला तर युनिट खराब आहे. सायनच्याच जागी राहिला तर युनिट निर्दोष, आणि गळती मशीनच्या बाजूला आहे. डेव्हलपर युनिट मात्र कधीही अदलाबदल करू नका, रंग मिसळतात. ड्रम आणि डेव्हलपर एकाच डब्यात असतील किंवा युनिटवर चिप असेल तर हा प्रयोग सोडून द्या. काढलेला ड्रम काळ्या कापडात गुंडाळून ठेवा. उजेडाने त्याचा पृष्ठभाग बिघडतो.

गळतीची जागा

युनिट बसण्याच्या जागेत टॉर्च मारून मागच्या बाजूचे स्प्रिंग कॉन्टॅक्ट बघा. स्प्रिंग आत दबलेली आहे का, टोकाशी काळा डाग पडला आहे का? प्लास्टिकवर झाडाच्या फांद्यांसारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथे ठिणगी उडून कार्बनचा मार्ग तयार झाला आहे. असा भाग पुसून सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. कॉन्टॅक्टजवळ साचलेल्या पुडीजवळ छोटं चुंबक नेऊन बघा. दाणेदार पूड चटकन उभी राहून चिकटली तर ती डेव्हलपरमधली कॅरियर पूड (टोनर वाहून नेणारे चुंबकीय कण) आहे, म्हणजेच डेव्हलपर युनिटचं सील गळतंय. सील तसंच ठेवून फक्त सफाई केलीत तर काही दिवसांत कोड परत येतो.

सफाईला टोनरसाठीचाच व्हॅक्यूम वापरा. घरच्या व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून टोनर आरपार जातो आणि त्याने पेट घेण्याचाही धोका असतो. कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. ड्रमला मात्र अल्कोहोल लावू नका.

नागपूरची हवा

बर्डीवरच्या दुकानांत आणि सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसांत कूलरचा झोत थेट मशीनवर येताना दिसतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा कूलर लागणारच, पण त्याची हवा ओली असते. कूलरच्या ताटीतून (गवताच्या ओल्या जाळीतून) उडालेले तुषार आणि जड पाण्यातले क्षार कॉन्टॅक्टवर बसले की गळतीला वाट मिळते. कूलरचं तोंड फिरवा, नाहीतर मशीन हलवा. सकाळी कोड येतो आणि अर्ध्या तासाने आपोआप जातो, असं पावसाळ्यात झालं तर कारण बहुधा ओलावाच. ज्या मशीनला दमट हवेसाठी हीटर असतो तिचा प्लग रात्री काढू नका. कागदाचं रीम उघडं टाकू नका.

कोड अधूनमधून, कशाचाच मेळ न बसता येत असेल तर अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यातल्या रॉडभोवती पोकळी पडते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते 2-3 व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर आधी खड्ड्यात पाणी सोडून पुन्हा मोजायला सांगा.

एवढं सगळं नीट असूनही कोड त्याच जागी टिकला, तरच बोर्ड बदला. जुन्या बोर्डावर किंवा मशीनच्या आतल्या लेबलवर सेटिंगचे आकडे असतील तर आधी त्यांचा फोटो काढा. नवा बोर्ड बसवल्यावर ते आकडे भरून घ्या, ऑटो कलर कॅलिब्रेशन चालवा आणि चारही रंगांची वेगवेगळी चाचणी पानं काढून बघा.