दिवाळीच्या सुट्टीत क्रीटला गाडी घेऊन फिरताय? या चुका टाळा

ग्रीसचं क्रीट बेट नकाशात एक बारीक आडवी पट्टी दिसतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. बेटच तर आहे, पाच दिवसांत सगळं बघून होईल असं म्हणून लोक पश्चिमेच्या खानियाला उतरतात, पूर्व टोकाच्या वाई नावाच्या बीचवरच्या पामच्या झाडांपर्यंत जायचं ठरवतात, मध्ये क्नोसोसचा प्राचीन राजवाडा, खाली दक्षिण किनाऱ्यावरचं माताला, आणि शेवटी सगळी सुट्टी विंडस्क्रीनच्या आतून बघतात. हे बेट पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब आहे, आणि मधून डोंगरांची रांग जाते त्यातली प्सिलोरितिस आणि पाख्नेस ही दोन शिखरं २४५० मीटरच्या वर आहेत. उत्तर किनाऱ्याने एकच मोठा हायवे आहे, दक्षिणेला जायचं म्हणजे प्रत्येक वेळी डोंगर ओलांडायचा. माझं स्पष्ट मत आहे की आठवड्याच्या आत असाल तर अर्धंच बेट करा. पश्चिम घेतलीत तर खानिया, एलाफोनिसी, स्फाकिया, रेथिम्नो. पूर्व घेतलीत तर हेराक्लिओन, क्नोसोस, लासिथीचं पठार, स्पिनालोंगा. दोन्ही हवं असेल तर एका विमानतळावर भाड्याची गाडी घ्या आणि दुसऱ्यावर सोडा, थोडे जास्त पैसे लागतात पण परतीचा अख्खा दिवस वाचतो.

तारखेची चूक

ही चूक आपल्याच लोकांची जास्त होते कारण आपण सुट्टी दिवाळी बघून काढतो. पण दिवाळी सरकते आणि क्रीटचा सीझन सरकत नाही. तिथे ऑक्टोबर संपत आला की किनाऱ्यावरची हॉटेलं, टॅव्हर्ना म्हणजे तिथल्या खानावळी, बोटी एकेक करून बंद व्हायला लागतात. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तेव्हा गेलात तर खानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन ही शहरं जागी असतील पण बीचवरची बरीच गावं कुलूप लावून बसलेली असतील. त्या वर्षी दसऱ्याला, २० ऑक्टोबरच्या आसपास जाणं केव्हाही बरं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तर समुद्राचं पाणीही छान असतं, २२-२३ अंश, गर्दी उतरलेली, आणि महिना सरत आला की डोंगराच्या गावांत राकी, म्हणजे तिथली द्राक्षाची दारू, गाळायच्या भट्ट्या पेटतात. क्रीट बघायला याच्यासारखे दिवस नाहीत.

अजून दोन तारखा लक्षात ठेवा. २८ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, १९४० साली मुसोलिनीची मागणी ग्रीसने धुडकावली त्याची आठवण, त्या दिवशी गावोगावी परेड असते आणि शहराच्या मधले रस्ते सकाळी बंद असतात, गाडी आदल्या रात्रीच बाहेरच्या बाजूला लावून ठेवा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, घड्याळ बदललं की एकदम साडेपाचच्या आसपास अंधार. उन्हाळ्यात गेलेल्या मित्राचं प्लॅनिंग जसंच्या तसं उचललं की शेवटचे दोन तास अंधाऱ्या घाटात जातात, वळणावर बकऱ्या बसलेल्या असतात आणि कठडा सगळीकडे असेलच असं नाही.

कागदपत्रं आणि कार्ड

भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, निघायच्या आधी आपल्या आरटीओमधून काढायचं, परिवहनच्या साइटवर अर्ज करता येतो, एक वर्षापर्यंत चालतं. आणि सोबत मूळ लायसन्सही न्यायचं, नुसतं आयडीपी दाखवून गाडी मिळत नाही, मोबाइलमधली कॉपी काउंटरवर धरत नाहीत. युके किंवा युरोपियन युनियनचं लायसन्स असलेल्या आपल्या मंडळींना आयडीपी लागत नाही.

पण काउंटरवर खरी गाडी अडते ती कार्डावर. डिपॉझिटसाठी बऱ्याच कंपन्यांना क्रेडिट कार्डच लागतं आणि तेही जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं. फोरेक्स कार्डात कितीही युरो भरलेले असू देत, डिपॉझिट ब्लॉक करायला ते बहुतेक ठिकाणी नाकारतात. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाचं बुकिंग असं असेल तर बुकिंग आधीच बदलून घ्या, मुख्य ड्रायव्हर तिला करा आणि तुम्ही दुसरे ड्रायव्हर व्हा. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का आणि लिमिट किती आहे हे घरूनच बघा, कारण तिकडे उतरल्यावर ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू नसेल तर काही करता येत नाही.

पूर्ण इन्शुरन्स या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. साध्या पॅकेजात टायर, काचा, आरसे आणि गाडीच्या पोटाखालचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं, आणि क्रीटमध्ये नेमकं हेच बिघडतं. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर बहुतेक करारात इन्शुरन्स लागूच होत नाही. यावरूनच बालोसचा विषय निघतो. त्या बीचच्या अलीकडे कालिव्हियानीपासून साधारण आठ किलोमीटरचा दगडधोंड्यांचा रस्ता आहे, सगळे जातात म्हणून आपणही भाड्याची छोटी हॅचबॅक घालतो, टायर फाटला किंवा खालून दगड लागला की सगळा खर्च आपल्या खिशातून. किसामोसच्या बंदरातून बालोसला बोट जाते, ती घ्या, फक्त ऑक्टोबरमध्ये ती त्या दिवशी सुटणार आहे का हे आदल्या संध्याकाळी विचारून घ्या कारण वारा असला की रद्द होते.

रस्त्यावर

उजव्या बाजूने चालवायची सवय अर्ध्या तासात होते, घाबरायचं कारण नाही. चूक होते ती पंपातून, पार्किंगमधून किंवा रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना, तिथे समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतो. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, बास. मारुती-ह्युंदाई चालवणाऱ्यांचा इंडिकेटरच्या जागी वायपर लागेल, तिथे इंडिकेटर डाव्या हाताला असतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करा, त्या कमी असतात आणि महाग असतात, पण पहिल्यांदाच उजव्या हाताने गिअर टाकणार असाल तर पैसे वाचवू नका. आणि चार माणसं, चार मोठ्या बॅगा आणि सगळ्यात छोटी गाडी हे गणित बसत नाही, डिकी एवढीशी असते.

उत्तरेच्या हायवेवर बराच भाग दोन्हीकडे एकेक लेनचा आहे आणि कडेला रुंद पट्टी. तिथले लोक हळू चालणाऱ्याने त्या पट्टीवर सरकून मागच्याला जाऊ द्यावं असं धरून चालतात. तुम्ही लेनच्या मधोमध शांतपणे ऐंशीने गेलात तर मागचा येऊन चिकटतो आणि डबल लाइन ओलांडून वळणावर ओव्हरटेक मारतो. समोर मोकळं दिसत असेल तर थोडं उजवीकडे सरका, पण ती पट्टी पुलाजवळ अचानक संपते किंवा तिच्यावर कुणीतरी गाडी लावून उभा असतो, म्हणून तिला कायमची लेन समजू नका. खानिया ते हेराक्लिओन १४० किलोमीटरच्या आसपास आहे, त्याला अडीच तास धरा.

गुगल मॅप्स इथे सगळ्यात कमी मिनिटांचा रस्ता दाखवतो आणि तो कधीकधी ऑलिव्हच्या बागांमधून किंवा गावातल्या अशा गल्लीतून नेतो जिथे आरसे मिटावे लागतात. बारीक रेषेचा रस्ता दाखवला तर दहा मिनिटं जास्त लागली तरी जाड रेषेचा मोठा रस्ताच घ्या. ऑफलाइन नकाशा आधी डाउनलोड करा, दऱ्यांमध्ये रेंज जाते. गावाच्या पाट्यांवर एकाच नावाची स्पेलिंगं वेगवेगळी असतात, एकीकडे Χ चा सीएच करतात, दुसरीकडे नुसता एच, दोन्ही पाट्या खानियाच्याच असतात, गोंधळून परत फिरू नका. इम्ब्रोसकडून खोरा स्फाकियोनला उतरणारा रस्ता आपल्या वरंधा घाटासारखा समजा, खाली लिबियाचा समुद्र दिसत असतो पण चालवणाऱ्याने बघायचं नाही, थांबायला जागा आहेत तिथे थांबून बघा. उतरताना खालचा गिअर ठेवा, ब्रेकचा वास यायला लागला तर गाडी बाजूला लावून निवांत थंड होऊ द्या.

पंपावर माणूस भरून देतो. तिथे "पेट्रोल" म्हणू नका, कारण पेत्रेलेओ म्हणजे डिझेल. पेट्रोलला आमोलिव्दी म्हणायचं आणि झाकणाच्या आतलं स्टिकर दाखवायचं. चुकीचं भरलंच तर गाडी सुरू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका, तिथूनच कंपनीला फोन करा, टाकी रिकामी करून भागतं. डोंगरातल्या गावांत रविवारी आणि संध्याकाळी पंप बंद असतात, म्हणून अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

समारिया दरीबद्दल वेगळं लिहावं लागेल कारण गाडीवाल्यांची तिथे हमखास फसगत होते. दरी १६ किलोमीटर, सुरुवात वर ओमालोसला, शेवट खाली आगिया रुमेलीला, आणि त्या गावाला रस्ताच नाही. म्हणजे गाडी वर राहते आणि तुम्ही समुद्राकाठी, मग संध्याकाळच्या बोटीने सुगियाला जाऊन तिथून बसने पुन्हा वर यावं लागतं, ती बस मिळेलच याची खात्री करूनच गाडी न्या. नाहीतर त्या दिवशी गाडी खानियातच ठेवा आणि सरळ बसने जा. ऑक्टोबरअखेर दरी बंद होते आणि त्याआधीही पावसाचा इशारा आला की बंद करतात.

पावसाला हलकं घेऊ नका. ऑक्टोबरचा पहिला पाऊस महिन्यांच्या कोरड्या जमिनीवर पडतो, रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून साबणासारखं निसरडं होतं, आणि कोरड्या ओढ्यांना तासाभरात पूर येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये हेराक्लिओनजवळच्या आगिया पेलागियात पुराने गाड्या समुद्रात वाहून गेल्या होत्या. बीचजवळ मोकळी सपाट रेताड जागा दिसली आणि दोन्ही बाजूला काठ असतील तर तो ओढा आहे, तिथे गाडी लावू नका, वाहत्या पाण्यात गाडी तर अजिबात घालू नका.

जेवण झालं की टॅव्हर्नावाला राकीची छोटी बाटली स्वतःहून आणून ठेवतो, प्रेमाने देतात, पण चालवणाऱ्याने ग्लास उचलून टेकवायचा फक्त. मर्यादा रक्तात ०.५ ग्रॅम प्रति लिटर आहे. शाकाहारी लोकांनी काळजी करू नका, दाकोस (कडक टोस्टावर टोमॅटो आणि चीज), फावा (डाळीचा घट्ट लगदा), भात भरलेली गेमिस्ता, भाजलेल्या भाज्यांचं ब्रियाम, रानभाजीची होर्ता, पोटभर मिळतं.

काही झालंच तर

छोटा ओरखडा असला तरी जागेवरूनच कंपनीला कळवा, न कळवता निघालात तर इन्शुरन्स हात वर करतो. कुणाला लागलं असेल तर ११२. टायरसाठी गाडी घेतानाच डिकी उघडून बघा, स्पेअर आहे की नुसती पंक्चरची किट, आणि तेव्हाच गाडीचा चारही बाजूंनी, चाकांच्या रिमसकट व्हिडिओ काढा. गाडी परत करताना पहाटेची फ्लाइट असेल तर पेट्रोल आदल्या संध्याकाळीच भरून पावती ठेवा, आणि किल्ली बॉक्समध्ये टाकायच्या आधी फ्युएलचा काटा आणि किलोमीटर दिसेल असा एक फोटो घ्या.