शाळेच्या दारात मेटल डिटेक्टर बसवावा का? निर्णय कसा घ्यावा

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की स्कूल बोर्डाच्या, म्हणजे त्या भागातील शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, पुढच्याच सभेत मेटल डिटेक्टरची मागणी येते, आणि शोकाच्या त्या दिवसांत तिला नाही म्हणणे कोणालाही जड जाते. म्हणून दरपत्रके मागवण्याआधी नेमका कोणता धोका अडवायचा आहे, हे बोर्डाने लिहून काढावे. विद्यार्थ्याने दप्तरातून चाकू किंवा पिस्तूल लपवून आणणे हा एक धोका आहे आणि तो दारातल्या तपासणीने अडू शकतो. बंदूक उघडपणे हातात घेऊन येणाऱ्याचे तसे नाही. मिनेसोटातील रेड लेक येथील शाळेत २००५ साली मेटल डिटेक्टर होता, दारात सुरक्षारक्षकही होता. परंतु तो निःशस्त्र होता आणि हल्लेखोर त्याला गोळी घालूनच आत शिरला. आर्कान्सॉमधील जोन्सबरो येथे १९९८ साली आगीची घंटा वाजवून मुलांना बाहेर काढण्यात आले आणि गोळ्या इमारतीबाहेरून झाडल्या गेल्या.

पुढचे काम म्हणजे दारे आणि मिनिटे मोजणे. शाळेत १२०० विद्यार्थी आहेत आणि एका यंत्रातून मिनिटाला दहा जण जातात असे धरले, तर एका यंत्राला दोन तास लागतील, चार यंत्रांना अर्धा तास. हा हिशेबही उदारच म्हणावा लागेल, कारण यंत्राला शस्त्र ओळखता येत नाही, फक्त धातू कळतो. पट्ट्याचे बक्कल, लॅपटॉप, वहीच्या कड्या यांनीही ते वाजते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी दप्तर उघडून पाहावे लागते. शिवाय जिम्नॅशियमचे मागचे दार एखाद्या मित्रासाठी आतून उघडले गेले, तर पुढची सगळी रांग व्यर्थ ठरते.

माणसांचा खर्च यंत्रापेक्षा वेगळा आणि दरवर्षीचा असतो. प्रत्येक यंत्रामागे एक जण दप्तरांसाठी, एक जण हातातल्या डिटेक्टरने फेरतपासणीसाठी लागतो आणि त्यांत स्त्रिया व पुरुष दोन्ही असावे लागतात. ही पदे कोणत्या पदांच्या बदल्यात निर्माण होणार, हे अंदाजपत्रकात स्पष्ट दिसले पाहिजे. माझ्या मते समुपदेशकाचे पद कापून रखवालदार नेमणे हा तोट्याचा व्यवहार आहे. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणारी अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस आणि तिथला शिक्षण विभाग यांनी ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा दहापैकी सुमारे आठ प्रकरणांत हल्ल्याचा बेत आधीच दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असल्याचे आढळले. असा बेत कानावर आलेले मूल ज्याच्याकडे जाऊन बोलू शकेल असा मोठा माणूस शाळेत हवा.

तपासणी कोणाची करायची, याचा नियम आधीच ठरवून लेखी जाहीर करावा: सर्वांची, किंवा दर पाचव्या विद्यार्थ्याची. चेहरा पाहून निवड करण्याची मुभा कर्मचाऱ्यांना मुळीच देऊ नये. एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्याची झडती घ्यायची झाल्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालानुसार वाजवी संशय पुरेसा असतो, पण त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

खरेदीपूर्वी आठवडाभर भाड्याच्या यंत्रांवर रंगीत तालीम करावी आणि बोर्डाच्या सदस्यांनी स्वतः त्या रांगेत उभे राहावे. त्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी बास्केटबॉलचा सामना असेल, तर त्या वेळी यंत्राशेजारी कोण उभे होते, याचीही नोंद ठेवावी.