तीन मॉडेल एकत्र केली तरी अचूकता वाढेना? एन्सेम्बल करताना या चुका टाळा

लॉजिस्टिक रिग्रेशन ९६ टक्के, रँडम फॉरेस्ट ९६ टक्के, एसव्हीएम ९७ टक्के. तिघांना व्होटिंगला बसवलं, म्हणजे बहुमतानं उत्तर ठरवलं, आणि निकाल आला ९६. मशीन लर्निंग शिकणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते, आणि पुढचं पाऊलही ठरलेलं असतं: आणखी दोन मॉडेल घाला. तसं करण्याआधी एन्सेम्बलचा, म्हणजे अनेक मॉडेल एकत्र करण्याचा, फायदा मुळात येतो कुठून, ते बघू.

हिशेब जुना आहे. फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी तो १७८५ साली ज्यूरीच्या निकालांबद्दल मांडला. तीन पंच आहेत, प्रत्येक जण ७० टक्के वेळा बरोबर असतो आणि कोणी कोणाच्या प्रभावाखाली नाही. तिघेही बरोबर असण्याची शक्यता ३४.३ टक्के, नेमके दोघे बरोबर असण्याची ४४.१ टक्के. म्हणजे बहुमत ७८.४ टक्के वेळा बरोबर. पाच पंच घेतले तर ८३.७. हा सगळा नफा ‘कोणी कोणाच्या प्रभावाखाली नाही’ या अटीतून आलाय. शिवाय हिशेब उलटाही फिरतो: प्रत्येक जण ४० टक्केच बरोबर असेल, तर तिघांचं बहुमत ३५.२ टक्क्यांवर घसरतं. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळी एकाच माळेचे मणी

एक्सजीबूस्ट, लाइटजीबीएम आणि कॅटबूस्ट घेऊन ‘तीन वेगळी मॉडेल’ म्हणणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. तिन्ही ग्रेडियंट बूस्टिंगची, म्हणजे आधीच्या चुका सुधारत एकामागून एक वाढवलेली, झाडंच (डिसिजन ट्री) आहेत. त्याच फीचर्सवर (डेटाच्या स्तंभांवर), त्याच डेटावर शिकली की ती बहुतेक त्याच ठिकाणी अडखळतात. तिघांनी मिळून एकच चूक केली, तर बहुमत ती चूक जास्त ठामपणे सांगणार, एवढंच.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीसोबत येणारा विस्कॉन्सिनचा स्तन-कर्करोगाचा डेटा घ्या: ५६९ नमुने, ३० फीचर्स, २१२ गाठी कर्करोगाच्या आणि ३५७ साध्या. डेटाचे तुकडे (फोल्ड) पाडा आणि प्रत्येक मॉडेलची क्रॉस-व्हॅलिडेशनमधली भाकितं काढा, म्हणजे प्रत्येक नमुन्याचं भाकीत त्या मॉडेलनं तो नमुना न बघता केलेलं असेल. मग चुकलेल्या नमुन्यांचे क्रमांक शेजारी शेजारी मांडा. समजा पहिलं मॉडेल १४ ठिकाणी चुकलं, दुसरं १८ ठिकाणी, आणि त्यातले ११ नमुने दोघांत सामाईक आहेत. तर या दोघांना कसंही एकत्र करा, त्या ११ ठिकाणी मत द्यायला बरोबर बाजूला कोणीच नाही. मी तरी ही यादी बघितल्याशिवाय व्होटिंगची ओळ लिहीत नाही.

यादी फार सारखी आली तर अल्गोरिदमचं नाव बदलण्यापेक्षा मॉडेलला दिसणारा डेटा बदलून बघा. मराठी मजकुराचं वर्गीकरण करत असाल तर याचं झकास उदाहरण हाताशी आहे. शब्दांवर चालणाऱ्या मॉडेलला ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ हे तीन अनोळखी शब्द वाटतात. अक्षरांच्या तुकड्यांवर चालणाऱ्या मॉडेलला तिन्हींतला ‘घरा’ दिसतो. एकच लॉजिस्टिक रिग्रेशन दोन्हीकडे वापरलं तरी चुका वेगळ्या जागी होण्याची शक्यता बरीच असते. तीन बूस्टिंग लायब्ररी घेण्यापेक्षा मला ही जोडी केव्हाही पसंत.

बॅगिंगचंही असंच. लिओ ब्रायमन यांनी १९९६ साली ते मांडलं तेव्हाच सांगितलं होतं की डेटा थोडा हलला की ज्यांचं उत्तर बदलतं, अशा मॉडेलना त्याचा उपयोग होतो. बॅगिंगमध्ये प्रत्येक मॉडेलला मूळ डेटातून चिठ्ठ्या काढल्यासारखा, तीच नोंद पुन्हा येऊ शकेल असा नमुना मिळतो आणि त्यात मूळ डेटातल्या साधारण ६३ टक्के वेगळ्या नोंदी येतात. डिसिजन ट्री एवढ्या बदलानं पार वेगळा वाढतो. के-निअरेस्ट नेबर (सर्वांत जवळच्या नोंदी बघून उत्तर देणारं मॉडेल) मात्र ढिम्म हलत नाही. त्याची शंभर बॅगिंग केलेली रूपं म्हणजे एकाच माणसाला शंभरदा विचारणं.

स्टॅकिंगमधली गळती

खरी पडझड इथे होते. स्टॅकिंग म्हणजे खालच्या मॉडेलची भाकितं फीचर म्हणून घ्यायची आणि त्यावर वरचं मॉडेल शिकवायचं. डेव्हिड वॉल्पर्ट यांनी १९९२ साली ही कल्पना मांडताना महत्त्वाची अट घातली होती: वरच्या मॉडेलला द्यायची भाकितं अशा नोंदींवरची हवीत, ज्या खालच्या मॉडेलनं शिकताना पाहिलेल्या नाहीत. हातानं स्टॅकिंग लिहिणारे नेमकी हीच अट विसरतात.

मग काय होतं ते बघा. पूर्ण वाढवलेलं रँडम फॉरेस्ट स्वतःच्याच ट्रेनिंग डेटावर जवळपास १०० टक्के बरोबर येतं, कारण त्याला तो जवळपास पाठ असतो. तीच भाकितं वरच्या मॉडेलकडे गेली की त्याला वाटतं, हा गडी कधीच चुकत नाही. सगळं वजन फॉरेस्टला जातं आणि बाकीची मॉडेल नावापुरती उरतात. टेस्टवर फॉरेस्टची खरी पातळी उघडी पडते, पण तोवर वजनं ठरून गेलेली असतात.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. ट्रेनिंगवर ९९.९ आणि टेस्टवर एकट्या फॉरेस्टएवढं किंवा त्याहून कमी. वरच्या लॉजिस्टिक रिग्रेशनचे सहगुणक काढून पाहिले तर एक भलामोठा आणि बाकीचे शून्याच्या आसपास. असं दिसलं की आधी गळती शोधा. पॅरामीटर ट्यून करण्यात रात्र घालवू नका.

सायकिट-लर्नमध्ये ०.२२ आवृत्तीपासून स्टॅकिंग क्लासिफायर तयार मिळतो आणि तो न सांगता पाच फोल्डांची भाकितं वापरतो. तोच वापरा. फक्त त्यात ‘प्रीफिट’ नावाचा पर्याय आहे, तो जपून. त्याचा अर्थ, खालची मॉडेल आधीच शिकलेली आहेत, ती पुन्हा शिकवू नका. मॉडेल ज्या डेटावर शिकली तोच डेटा इथेही दिला, की वर सांगितलेली गळती तुम्ही स्वतःच्या हातानं परत आणली.

याहून लपून बसणारे दोन प्रकार आहेत. पहिला, फोल्ड पाडण्याआधीच सगळ्या डेटावर फीचर निवडणं किंवा दुर्मीळ वर्गाच्या कृत्रिम नोंदी तयार करणं. टेस्टमधली माहिती तेव्हाच ट्रेनिंगमध्ये शिरलेली असते, त्यामुळे ही कामं पाइपलाइनच्या आत हवीत, म्हणजे ती प्रत्येक फोल्डच्या ट्रेनिंग भागापुरतीच होतात. दुसरा, एकाच रुग्णाच्या चार तपासण्या असताना त्या वेगवेगळ्या फोल्डांत पडणं. मॉडेल आजाराऐवजी रुग्ण ओळखायला शिकतं आणि आकडे डोळे दिपवणारे येतात. रुग्णाप्रमाणे गट करून फोल्ड पाडा.

काळानुसार येणाऱ्या डेटावर टाइम सिरीज स्प्लिट देऊन स्टॅकिंग चालवलं, तर क्रॉस-व्हॅल-प्रेडिक्ट फक्त पार्टिशनवर चालतं, अशा अर्थाची एरर येते. तो बग नाही. त्या पद्धतीत सुरुवातीचा तुकडा कधीच टेस्टमध्ये येत नाही, त्यामुळे प्रत्येक नोंदीसाठी भाकीत तयार होत नाही. वैतागून साधे फोल्ड लावलेत तर उद्याचा डेटा वापरून कालचं भाकीत केल्यासारखं होईल. त्यापेक्षा डेटा काळानुसार तीन सलग तुकड्यांत पाडा: पहिल्यावर खालची मॉडेल, दुसऱ्यावर त्यांची भाकितं काढून वरचं मॉडेल, तिसऱ्यावर परीक्षा. ‘प्रीफिट’ची खरी जागा ही.

आणि वरचं मॉडेल साधं ठेवा. तीन-चार आकडे एकत्र करायला लॉजिस्टिक रिग्रेशन पुरतं. तिथे पुन्हा बूस्टिंग बसवणारे बहुधा फोल्डांमधला गोंगाटच शिकवत असतात.

प्रॉबॅबिलिटीची सरासरी डोळे मिटून काढू नका

सॉफ्ट व्होटिंग म्हणजे प्रत्येक मॉडेलच्या प्रॉबॅबिलिटीची सरासरी. ऐकायला न्याय्य वाटतं. आता हे आकडे घ्या: नाइव्ह बेज म्हणतं ०.९९९, रँडम फॉरेस्ट ०.४२, लॉजिस्टिक रिग्रेशन ०.४०. दोघं ‘नाही’ म्हणतायत, पण सरासरी येते ०.६०६ आणि निकाल लागतो ‘हो’.

नाइव्ह बेजचा हा स्वभावच आहे. फीचर्स परस्परांवर अवलंबून नाहीत असं ते गृहीत धरतं. एकमेकांशी जोडलेली फीचर्स आली की एकच पुरावा पुन:पुन्हा मोजतं आणि ०.९९९ सारखे आकडे फेकतं. विस्कॉन्सिनच्या डेटात त्रिज्या, परीघ आणि क्षेत्रफळ ही तिन्ही वेगळी फीचर्स आहेत, म्हणजे विचारायलाच नको. रँडम फॉरेस्ट उलट ० आणि १ या टोकांपासून लांब राहतं, कारण एवढ्या झाडांचं एकमत क्वचितच होतं. दोघांचे ०.९ एकाच मापाचे नाहीत.

उपाय कॅलिब्रेशनचा, म्हणजे ०.९ म्हटलं की खरोखर दहातले नऊ बरोबर निघावेत असं माप लावण्याचा: प्रत्येक मॉडेल कॅलिब्रेटेड क्लासिफायर सीव्हीमध्ये गुंडाळा आणि मग सरासरी काढा. नोंदी हजारापेक्षा बऱ्याच कमी असतील तर ‘सिग्मॉइड’ पद्धत घ्या. ‘आयसोटॉनिक’ तेवढ्या थोड्या डेटावर ओव्हरफिट होते, म्हणजे त्यातला गोंगाटच शिकते. सॉफ्ट व्होटिंगमध्ये एसव्हीएम घातल्यावर ‘प्रेडिक्ट-प्रोबा’ नसल्याची एरर येते, तिच्यावरही हाच उपाय. एसव्हीएम मुळात प्रॉबॅबिलिटी देत नाही, सीमेपासूनचं अंतर देतं.

हार्ड व्होटिंगमध्ये, म्हणजे फक्त अंतिम उत्तरांची मतं मोजताना, वेगळीच गंमत. चार मॉडेल आणि दोन-दोन मतं पडली तर सायकिट-लर्न चढत्या क्रमात आधी येणारं लेबल निवडतो. विस्कॉन्सिनच्या डेटात ० म्हणजे कर्करोग आणि १ म्हणजे साधी गाठ, त्यामुळे बरोबरी झाली की निकाल कर्करोगाकडे झुकतो. हे त्यातल्या त्यात सावध. तुमच्या डेटात ० म्हणजे निरोगी असेल तर प्रत्येक बरोबरी गुपचूप ‘निरोगी’त जमा होईल. मॉडेलची संख्या विषम ठेवा.

एका नमुन्याचा विजय

विस्कॉन्सिनच्या ५६९ पैकी २० टक्के टेस्टला ठेवले तर हातात येतात ११४ नमुने. ११० बरोबर म्हणजे ९६.४९ टक्के, १११ बरोबर म्हणजे ९७.३७. ‘एन्सेम्बलमुळे अचूकता जवळपास एका टक्क्यानं वाढली’ या वाक्यामागे एक नमुना आहे. रँडम सीड (डेटाची विभागणी ठरवणारा आकडा) बदला, विजय गायब होऊ शकतो. एवढ्या लहान डेटावर फोल्ड पुन्हा-पुन्हा पाडून सरासरीसोबत चढउतारही बघा, आणि दोन मॉडेलची तुलना करायची तर जिथे त्यांची उत्तरं वेगळी आहेत तेवढ्याच नोंदी मॅकनेमार चाचणीला (फरक योगायोगाचा आहे का, ते सांगणाऱ्या) द्या. टेस्टवरचा आकडा बघून व्होटिंगची वजनं फिरवत बसलात, तर ती टेस्ट उरली नाही.

दुर्मीळ वर्ग आणि बहुमत

क्रेडिट कार्डांच्या फसवणुकीचा कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरचा प्रसिद्ध डेटा बघा: २,८४,८०७ व्यवहार, त्यातले फसवणुकीचे ४९२. काहीही न शिकता प्रत्येक व्यवहाराला ‘ठीक’ म्हणणारं मॉडेल इथे ९९.८३ टक्के अचूक ठरतं. अशा ठिकाणी अचूकता बघूच नका, हे बहुतेकांना माहीत असतं. बहुमतामुळे नुकसान होऊ शकतं, हे मात्र लक्षात येत नाही. प्रत्येक मॉडेल फसवणुकीचे ४० टक्के व्यवहार पकडत असेल आणि एकाचं पकडणं दुसऱ्याच्या पकडण्यावर अवलंबून नसेल, तर कोंदोर्सेचा तो दुसरा हिशेब लागू होतो: बहुमत पकडणार ३५.२ टक्के. एकानंच ओळखलेली फसवणूक बाकीचे दोघं मिळून हाणून पाडतात. इथे हार्ड व्होटिंग सोडा, कॅलिब्रेट केलेली सरासरी घ्या आणि ०.५ हा उंबरठा खाली आणा. किती खाली, ते खोट्या इशाऱ्यांची तपासणी तुम्हाला किती परवडते त्यावर.

छोट्या पण डोकं खाणाऱ्या गोष्टी

एसव्हीएम आणि के-निअरेस्ट नेबरला स्केलिंग लागतं, झाडांना लागत नाही. ज्याचं त्याला ज्याच्या त्याच्या पाइपलाइनमध्ये द्या. व्होटिंग क्लासिफायर तुमची आधी शिकवलेली मॉडेल वापरत नाही, त्यांच्या कोऱ्या प्रती करून पुन्हा शिकवतो. ‘इतका वेळ का लागतोय’ याचं उत्तर बऱ्याचदा हेच. प्रॉबॅबिलिटीचे तक्ते हातानं जोडत असाल तर प्रत्येक मॉडेलमधला वर्गांचा क्रम ताडून पाहा. एखाद्या फोल्डात एक वर्ग आलाच नाही तर स्तंभ सरकतात आणि एरर येईलच असं नाही. लेबलंच चुकीची असतील तर ॲडाबूस्टपासून लांब राहा, कारण ते चुकलेल्या नोंदींचं वजन दर फेरीत वाढवतं आणि शेवटी चुकीची लेबलं पाठ करत बसतं.

किती मॉडेल पुरे?

नेटफ्लिक्सनं ऑक्टोबर २००६ मध्ये १० लाख डॉलरची स्पर्धा लावली होती: प्रेक्षक किती तारे देईल याचं भाकीत १० टक्क्यांनी सुधारा. भाकीत ताऱ्यांच्या आकड्याचं होतं, वर्गाचं नव्हतं, पण मुद्दा तोच. पहिल्या वर्षीच्या विजेत्या संघानं १०७ अल्गोरिदम एकत्र करून ८.४३ टक्के सुधारणा मिळवली. नेटफ्लिक्सनं त्यातले दोनच उचलले, मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन आणि रिस्ट्रिक्टेड बोल्ट्झमन मशीन. एकेकट्याची चूक (आरएमएसई, ताऱ्यांमध्ये) ०.८९१४ आणि ०.८९९०, दोघांचं रेषीय मिश्रण केल्यावर ०.८८. २००९ मध्ये १० टक्क्यांचं बक्षीस दिलं गेलं, पण ते अवाढव्य अंतिम मिश्रण कंपनीनं वापरात आणलंच नाही. वाढलेल्या अचूकतेच्या मानानं ते चालवण्याची मेहनत परवडणारी नव्हती.

तुमच्या एन्सेम्बलमधलं एकेक मॉडेल काढून त्याच फोल्डांवर पुन्हा चालवा. काढल्यानंतर आकडा फोल्डांमधल्या नेहमीच्या चढउतारापलीकडे हलला नाही, तर ते मॉडेल सर्व्हरवर नेऊ नका.